पुण्याचं कॉम्प्युटर सोडून साताऱ्याचं इलेक्ट्रिकल घेतलं त्याची गोष्ट

आमची बॅच म्हणजे दहावीला भूगोलाचा पेपर कोरोनामुळं रद्द झालेली, अकरावी सगळी मोबाईलवर केलेली आणि बारावीला एकदम हॉलमध्ये नेऊन बसवलेली. गाव तासगाव तालुक्यात, घरी द्राक्षबाग, रेंज फक्त टाकीपाशी यायची म्हणून अकरावीचं फिजिक्स मी पाण्याच्या टाकीला टेकून शिकले आणि त्यातलं निम्मं बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालू असताना, म्हणजे काय ऐकू आलं असेल ते बघा. २०२२ च्या सीईटीला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, ८४ पर्सेंटाइल पडले. घरी पेढे आणले गेले कारण सगळ्यांना ते ८४ टक्के वाटले. मग मी बसून सांगितलं की पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत, शंभर पोरांतली ८४ माझ्या मागं आहेत आणि १६ पुढं, आणि राज्यात परीक्षेला लाखांनी पोरं बसतात तेव्हा ही १६ म्हणजे किती होतात ते तुम्हीच काढा. आई म्हणाली, असू दे, पेढे आणलेत तर खावा.

त्या वर्षी सगळंच उशिरा होतं. सीईटी ऑगस्टमध्ये, रिझल्ट सप्टेंबरच्या मध्याला, दिवाळी आली तरी आम्ही कॅप राउंडमध्येच, म्हणजे सरकारच्या एकत्र ॲडमिशनच्या फेऱ्यांमध्ये. पण फोन मात्र रिझल्टच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू. कुठून नंबर मिळवतात देव जाणे, "मॅडम, मुलीला किती पर्सेंटाइल, आमच्याकडं कॉम्प्युटरला सीट ठेवतो, बस फ्री, टॅब देतो." एकानं तर पप्पांना सांगितलं की कॅपचा फॉर्म भरूच नका, डायरेक्ट येऊन ॲडमिशन घ्या, कशाला ताण घेताय. पप्पा द्राक्षाच्या व्यापाऱ्यांना पंचवीस वर्षं तोंड देत आलेले, ते म्हणाले जो माणूस आपल्याला बाजारात जाऊ नका म्हणतो त्याचा माल आधी बघावा. ते वाक्य पुढं लय कामाला आलं, कसं ते खाली सांगते.

कागदपत्रं आधीच काढून ठेवलेली, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाचं, सर्टिफिकेट. ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी हे बारावीच्या दिवाळीतच करावं, रिझल्टनंतर तहसीलला सगळा तालुका एकदम उभा असतो. ह्यावर जास्त लिहीत नाही, सगळीकडं माहिती आहे.

खरा खेळ ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच पाहिजे त्याची क्रमानं यादी. मागच्या वर्षीची कट-ऑफची पीडीएफ डाउनलोड केली, शेकडो पानं, ती मोबाईलवर मागंपुढं करून डोळे गेले. त्यात कॉलेजखाली कोड असतात, पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधे कॅटेगरी आणि शेवटी एच, ओ किंवा एस, म्हणजे होम युनिव्हर्सिटी, अदर आणि स्टेट लेव्हल. मुलीनं नुसतं जी ओपन बघून "आपलं होत नाही" म्हणायचं नाही, एल ओपनची ओळ पण बघायची, मुलींना ३० टक्के जागा असतात आणि बऱ्याच ठिकाणी ती कट-ऑफ खाली असते. आणि सांगली, सातारा, कोल्हापूरची पोरं शिवाजी विद्यापीठाची म्हणून पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात आपण बाहेरचे ठरतो, तिथं होमवाल्यांना ७० टक्के आणि बाहेरच्यांना ३० टक्के. म्हणजे ८४ वर पुण्यात कॉम्प्युटर कुठं मिळतंय तर जे कॉलेज दोन-चार वर्षांपूर्वी उघडलंय किंवा जिथं जायला हिंजवडीच्या पण पुढं जावं लागतंय.

आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्या. काका चाकणला कंपनीत आहेत, त्यांचं म्हणणं पुण्यात कॉम्प्युटर, कॉलेज कुठलं का असेना, पुण्यात राहिली की जॉब मिळतोच. पप्पांचं म्हणणं आधी बघून येऊ. माझं म्हणणं कोणी विचारत नव्हतं म्हणून मी पण म्हटलं आधी बघून येऊ.

पुण्यातलं जे कॉलेज बघितलं त्याचं नाव घेत नाही. स्वागत लय भारी झालं. एसी रूम, कॉफी, एक मॅडम लॅपटॉपवर पॅकेजचे आकडे दाखवत होत्या. ऑडिटोरियम दाखवलं, जिम दाखवली, कँटीनमध्ये पिझ्झा मिळतो ते पण सांगितलं. पप्पांनी विचारलं, लॅब? तर म्हणाल्या आज लॅबचे सर रजेवर आहेत, पण फोटो आहेत. पप्पांनी फोटो बघितले, मान हलवली, आणि बाहेर आल्यावर गेटवरच्या चहाच्या गाड्यावर तीन पोरं उभी होती त्यांना विचारलं, बाळांनो, प्रॅक्टिकल कसं होतं रे इथं? पोरं एकमेकांकडं बघून हसली. एक म्हणाला काका, मॅन्युअल देतात, लिहून काढतो. बास. पप्पा गाडीत बसल्यावर शिरवळपर्यंत काही बोलले नाहीत.

साताऱ्याला परत येतानाच थांबलो. हे कॉलेज यादीत होतं पण कोणी गांभीर्यानं घेत नव्हतं, शहराच्या बाहेर, हायवेपासून आत, दोन बिल्डिंगी आणि एक शेड. गेटवर वॉचमन पण जेवायला गेलेले. कोणी स्वागताला नाही, ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या बघा ना तुम्ही, फिरा. आम्ही फिरलो. वर्गात निम्मे बेंच रिकामे, ते बघून माझं तोंड पडलं. आणि मग खालच्या शेडमधून मोटरचा आवाज आला.

मशीन लॅब. दाराशी लॅबचे मामा उभे. मी चप्पल काढायला लागले तर म्हणाले, "काढू नकोस बाळ, उलटं इथं बूट पाहिजेत, पण आज आत ये, रबर मॅटवरनं चाल." आत चार-पाच पोरं आणि दोन पोरी, एक मोठा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं मशीन, फिरतोय आणि पॅनेलवर तीन दिवे एकदम पेटतायत, एकदम विझतायत, हळूहळू. सर बाजूला हाताची घडी घालून उभे आणि एक मुलगी स्विचवर हात ठेवून दिव्यांकडं बघतेय. दिवे पूर्ण विझले त्या क्षणाला तिनं स्विच टाकला, घर्र असा आवाज झाला आणि मशीन लाइनला लागलं. मला तेव्हा ह्यातलं ओ का ठो कळलं नाही पण अंगावर काटा आला. नंतर दुसऱ्या वर्षी समजलं की हीच सिंक्रोनायझेशनची डार्क लॅम्प मेथड, दिवे विझतात म्हणजे दोन्हीकडचं व्होल्टेज एका तालात आलंय, चुकीच्या वेळी स्विच टाकला तर मशीनला जबरदस्त धक्का बसतो, आणि कोयनेच्या पॉवर हाऊसमध्ये पण मूळ तत्त्व हेच, फक्त तिथं काम ऑटोमॅटिक होतं आणि चौथ्या टप्प्याचं एकेक युनिट २५० मेगावॅटचं आहे.

पप्पा तोपर्यंत भिंतीवरच्या मोटर सुरू करायच्या स्टार डेल्टा स्टार्टरपाशी जाऊन पोचलेले. बागेच्या मोटरला तोच असतो, गेल्या उन्हाळ्यात दोनदा जळालेला, त्यामुळं त्यांची आणि मामांची अशी काय गट्टी जमली की मला सरांशी बोलायला अर्धा तास मिळाला. सरांना मी विचारलं, सर, लॅब रोज उघडी असते का? ते म्हणाले उघडी असते पण बॅच छोटी आहे, एकजण नाही आला तर हात कमी पडतात, म्हणून दांड्या चालत नाहीत. मग मी कट-ऑफ विचारली तर म्हणाले ती शेवटी आलेल्या मुलाची असते, आमची नसते.

हे मला आजपर्यंत सगळ्यात नीट सांगितलेलं वाटतं. कट-ऑफ म्हणजे मागच्या वर्षी त्या कॅटेगरीतल्या शेवटच्या सीटवर जो बसला त्याचे पर्सेंटाइल. ब्रँचची हवा, गाव, बस स्टँडपासूनचं अंतर, सगळं त्यात येतं, लॅबला कुलूप आहे का नाही ते येत नाही.

घरी महाभारत झालं. काका म्हणाले इलेक्ट्रिकल पोरींची ब्रँच आहे का, खांबावर चढणार आहेस का. आत्या म्हणाली लग्नात काय सांगायचं, लाइनमन? आई एवढंच म्हणाली की पुण्यात कॉट बेसिसवर महिन्याला जेवढं जाणार त्यात साताऱ्यात राहणं, मेस आणि महिन्याचं येणंजाणं बसतंय. त्यात ईबीसीमुळं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या फी सवलतीमुळं, तेव्हा ट्युशन फी निम्मीच भरायची होती. हिशोब आईनं केला म्हटल्यावर विषय निम्मा संपला.

फॉर्म भरताना काकांनी एक अट घातली, पुण्याचं वर टाक, साताऱ्याचं खाली, वरचं नाही मिळालं तर बघू. इथं बरीच पोरं फसतात म्हणून सविस्तर लिहिते. सिस्टिम वरून खाली बघत येते आणि तुमच्या मेरिटला बसणारं पहिलं ऑप्शन देऊन टाकते, खालचं बघतच नाही. म्हणजे पुण्याचं वर टाकलं असतं आणि मिळालं असतं तर साताऱ्याचा प्रश्नच मिटला. यादी आवडीच्या क्रमानं लावायची, कट-ऑफच्या क्रमानं नाही. मी पहिल्या नंबरला सांगलीचं वालचंद टाकलं, दुसऱ्याला कराडचं सरकारी, दोन्ही मिळणार नाहीत हे माहिती होतं पण वर टाकायला पैसे पडत नाहीत, खालच्याचा चान्स त्यानं कमी होत नाही. तिसरं साताऱ्याचं इलेक्ट्रिकल. पुण्याचं सातव्या नंबरला. पहिल्या राउंडला सातवं लागलं, काका खूश. हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स भरून बेटरमेंटला ठेवलं, म्हणजे पुढच्या राउंडला वरचं मिळतंय का बघायचं, फ्रीज म्हणजे पक्कं केलं नाही. त्यात एक समजून घ्या, वरचं मिळालं की खालचं आपोआप जातं, दोन्ही हातात ठेवता येत नाही. दुसऱ्या राउंडला तिसरं लागलं. फ्रीज. काकांनी महिनाभर फोन केला नाही, नंतर द्राक्षाच्या सीझनला पेटी पाठवल्यावर बोलायला लागले.

गेल्या वर्षी आत्याच्या मुलाचा फॉर्म मीच भरला तेव्हा नियम बदललेले, २०२५ ला चार राउंड झाले आणि पहिल्या राउंडला फक्त पहिलं, दुसऱ्याला पहिल्या तीनमधलं आणि तिसऱ्याला पहिल्या सहामधलं काही लागलं तर आपोआप फ्रीज. म्हणजे लागलं तर खरंच घ्यायचं नाही असं नाव आता वरच्या सहात टाकायचं नाही. आत्या लग्नाचं विसरून माझ्या शेजारी बसून होती.

आता राहणीमान. गोडोलीत रूम घेतली, तिघीजणी, मालकीणबाई कडक, साडेसातला गेट बंद. साताऱ्याचा पाऊस सांगलीच्या माणसाला कळत नाही, आमच्याकडं पूर येतो पण पाऊस असा चार-चार दिवस नुसता गळत बसत नाही, जीन्स वाळायची नाही म्हणून ती इस्त्रीनं वाळवायची. मेसची भाजी पातळ, आमटी त्याहून पातळ. घरी जायचं तर कोयना एक्स्प्रेस, पण स्टेशन शहरापासून लांब माहुलीकडं, रिक्षाचे पैसे ऐकले की एसटीच बरी वाटते.

फर्स्ट इयर कोणाला आवडत नाही, मला पण नाही. एम-वन म्हणजे पहिलं मॅथ्स, फिजिक्स, ग्राफिक्सच्या शीटा, पाठीला ड्राफ्टर लावून एसटीत चढायचं आणि मागच्याच्या शिव्या खायच्या. वर्कशॉपला फिटिंगचा जॉब, लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायचा, माझा तीन वेळा रिजेक्ट झाला, तिसऱ्यांदा वर्कशॉपचे मामा म्हणाले, "पोरी, तू कानस ओढतीयस का भाकरी थापतीयस?" हाताला फोड आले पण जॉब झाला. कॉलेज लोणेरेच्या बाटू विद्यापीठाला जोडलेलं, त्यामुळं मिड सेम २० ची, सीए म्हणजे वर्गातल्या कामाचे २० आणि एंड सेम ६० ची. क्लासमध्ये मुलं एवढी कमी की सर हजेरी घेत नसत, दारातून बघून कळायचं कोण नाही. दुपारी एकजण जरी गेला तरी संध्याकाळी घरी फोन. मोठ्या कॉलेजातल्या मैत्रिणी बंक मारून पिक्चरला जायच्या ते ऐकून जीव जळायचा.

सेकंड इयरला डिप्लोमावाले आले आणि वर्ग एकदम भरला. हे कोणी आधी सांगत नाही. डायरेक्ट सेकंड इयरची पोरं म्हणजे काही आयटीआय करून डिप्लोमा केलेली, काही कंपनीत दोन वर्षं काम करून आलेली, त्यांचे हात असे चालतात की आम्ही बारावीवाले बघतच बसायचो. पण एम-थ्रीला त्यांचा पार भुगा. लाप्लास म्हटलं की मागचा बेंच खाली बघायचा. मग आपोआप सौदा ठरला, संध्याकाळी लायब्ररीत आम्ही त्यांना मॅथ्स शिकवायचं आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी आम्हाला वायरिंग. आमच्या चौघी मुलींना पॅनेल वायरिंग ज्यानं शिकवलं तो विट्याचा पोरगा, त्याचा एम-थ्री माझ्यामुळं निघाला हे तो अजून मान्य करत नाही.

वाईट काय ते पण सांगते, नाहीतर जाहिरात वाटायची. तिसऱ्या वर्षी पॉवर सिस्टिम शिकवणारे सर सेमच्या मधेच दुसरीकडं गेले, दीड महिना कोणीच नाही, युट्यूबवर शिकलो. लायब्ररीत पुस्तकं आहेत पण नव्या एडिशन नाहीत. क्लब, टेक फेस्ट असलं काही नाही, गॅदरिंगला साउंडवाला आणि आम्ही सारखेच. आणि प्लेसमेंट. कंपन्या छोट्या कॉलेजात येत नाहीत, पूल कॅम्पसला, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या एकत्र भरतीला, आपण जायचं. पहाटेची एसटी, स्वारगेट, तिथून अजून बस, आणि पोचल्यावर गेटवर विचारतात कुठलं कॉलेज, नाव सांगितलं की दोनदा सांगावं लागतं. एका ठिकाणी ॲप्टिट्यूडला आमच्यातली बरीच पोरं उडाली, कारण ॲप्टिट्यूडची तयारी आमच्याकडं कोणी करून घेतलीच नव्हती. पण टेक्निकल राउंडला बसले तिथं मॅडमनी विचारलं, थ्री पॉइंट स्टार्टर (डीसी मोटर सुरू करायचं साधन) सांग, मी म्हटलं मॅडम काढून दाखवते, आणि सप्लाय गेल्यावर नो व्होल्ट कॉइल सोडते आणि हँडल परत येतं ते हातानं करून दाखवलं. त्यांनी शेजारच्या मुलाला पण तेच विचारलं, मोठ्या कॉलेजचा होता, त्यानं डेफिनिशन बरोबर सांगितली. त्या कंपनीत दोघांचंही झालं नाही, हे पण खरं.

आणि फीचा विषय. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना पूर्ण ट्युशन फी माफ झाली, आधीपासून शिकणाऱ्यांना पण. माझी शेवटची दोन वर्षं त्यात बसली. पण सवलत फक्त कॅपमधून आलेल्यांना. आमच्यातल्या एकीनं त्या फोनवाल्यांचं ऐकून कॅप सोडून संस्थेच्या लेव्हलला ॲडमिशन घेतलेलं, बाजूच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात, नंतर आमच्याकडं ट्रान्सफर होऊन आली. तिला ईबीसी पण नाही आणि ही माफी पण नाही. ती रडली नाही, पण महाडीबीटीचा, म्हणजे फी सवलतीचा, फॉर्म भरायच्या दिवशी ती लायब्ररीत यायची नाही. पप्पांचं बाजाराचं वाक्य तेव्हा आठवलं. म्हणून ज्यांच्या घरी असे फोन येत असतील त्यांनी फोन घ्या, ऐका, पण कॅपचा फॉर्म भरल्याशिवाय कुठं पैसे देऊ नका.

आता आठवं सेम, इंटर्नशिप. सातारा एमआयडीसीत एका पॅनेल बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे, स्टायपेंड फार नाही, पण टेस्टिंगला मला एकटीला सोडतात. शॉप फ्लोअरवर मुलगी म्हणून पहिले पंधरा दिवस सगळे मॅडम मॅडम करत होते, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून एका केबलचा फॉल्ट काढून दिल्यावर नुसतं नावानं हाक मारायला लागले. परमनंट करतो म्हणालेत, लेटर अजून दिलेलं नाही. महावितरणची भरती निघाली तर ती पण भरणार आहे, काका म्हणतात ती निघाली तर मी स्वतः क्लासची फी भरतो. त्यांचा मुलगा यंदा बारावीला आहे. त्याला कॉम्प्युटरच पाहिजे आणि पुण्यातच पाहिजे, काही हरकत नाही, फक्त रविवारी कॉलेज बघायला जाऊ नको म्हणून सांगितलंय, मंगळवार-बुधवार बघून दुपारी दोनला जा, आणि ऑफिसच्या आधी लॅबच्या मामांना भेट.